एसक्यूलाइट लिहिणाऱ्या डी. रिचर्ड हिप यांना आभारपत्र

आदरणीय हिप सर आणि एसक्यूलाइट सांभाळणारे तुमचे सहकारी,

फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसातून कितीदा सुरू होतो? खोलीचं तापमान पहाटे नेमकं कधी सगळ्यात खाली जातं? नेटचा वेग रोज रात्री खरंच मंदावतो, की तसं नुसतं वाटतं? असल्या प्रश्नांसाठी कुणी पगार देत नाही, पण प्रोग्रॅमरच्या डोक्यात ते ठाण मांडून बसतात. उत्तर शोधायला लागतो एखादा सेन्सर, छोटीशी स्क्रिप्ट आणि मिनिटामिनिटाला येणारा आकडा ठेवायला एक जागा. ती जागा तुम्ही दिलीत, एसक्यूलाइट या फुकट मिळणाऱ्या छोट्या डेटाबेसच्या रूपाने, म्हणून हे पत्र.

फावल्या वेळातले प्रकल्प कोड चुकल्यामुळे क्वचितच बंद पडतात. त्यांना मारते ती देखभाल. वेगळा डेटाबेस सर्व्हर म्हटला की त्याची प्रोसेस चालू ठेवा, पासवर्ड सांभाळा, मोठी आवृत्ती बदलली की सगळा डेटा काढून पुन्हा भरा. सहा महिन्यांनी परत बघावं तर प्रश्न बाजूलाच राहतो आणि सर्व्हर का उठत नाही याचाच शोध सुरू होतो. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहिताना तुम्ही हीच अडचण पाहिली होती: सर्व्हर बंद असला की प्रोग्रॅमही अडून बसायचा. तुम्ही सर्व्हरच काढून टाकलात आणि ऑगस्ट २००० मध्ये पहिली आवृत्ती दिलीत. डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक फाइल, आणि ती वाचणारा कोड आपल्याच प्रोग्रॅमच्या पोटात.

याचा उपयोग किती, ते फ्रिजच्याच उदाहरणावरून लिहितो, कारण तुमच्या कामाचे बरेच पैलू त्यात एका जागी दिसतात.

डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर स्टीलच्या बंद नळीत मिळतो आणि त्याची बारीक वायर दाराच्या रबरी पट्टीखालून आत जाते. डेटाची तार आणि बोर्डाची (छोट्या लिनक्स संगणकाची) ३.३ व्होल्टची तार यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोध लावावाच लागतो. तो विसरला तर सेन्सर यादीत दिसतच नाही, किंवा अधूनमधून गायब होतो. १२ बिटांच्या मोजमापाला ७५० मिलिसेकंद लागू शकतात. मोजमाप झालं नसतानाच वाचलं, किंवा मध्येच वीज जाऊन सेन्सर नव्याने सुरू झाला, तर तो ठरलेला ८५ अंश हा आकडा देतो. लिनक्सवर तापमान हजारपटीने पूर्णांकात येतं: २४५६२ म्हणजे २४.५६२ अंश. ते तसंच पूर्णांकात ठेवावं. दोन बाइटांत मावतं, दशांशात ठेवलं तर आठ लागतात. ८५००० आलेला आकडा फेकून न देता टेबलात राहू द्यावा आणि वर एक व्ह्यू, म्हणजे डेटाबेसला विचारायचा साठवून ठेवलेला प्रश्न, बनवून तिथे गाळावा. वीज कधी गेली होती हे पुढे त्याच चुकीच्या आकड्यांवरून कळतं.

वेळ यूटीसीतल्या (जागतिक प्रमाणवेळेतल्या) सेकंदांचा पूर्णांक म्हणून ठेवावी. तारीख आणि वेळ अक्षरांत लिहिली तर १९ बाइट जातात आणि इंडेक्समध्ये (पटकन शोधायच्या सूचीत) तेवढेच पुन्हा. पूर्णांक चार बाइटांत बसतो. स्थानिक वेळ ठेवली तर जिथे वर्षातून एकदा घड्याळ मागे घेतात तिथे एक तास दोनदा येतो आणि आलेख त्या रात्री स्वतःवरच दुमडतो. तुमच्या फंक्शनांमधला ‘नाउ’ यूटीसीच देतो आणि ‘लोकलटाइम’ फक्त दाखवताना लावायचा असतो, हे फार बरं केलंत. घड्याळाला बॅटरी नसलेल्या छोट्या बोर्डांवर मात्र वीज आल्याबरोबर नोंदी सुरू करू नयेत. नेटवरून वेळ जुळेपर्यंत थांबावं, नाहीतर नव्या नोंदींवर जुन्या तारखा पडतात.

दर मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १,४४० आणि वर्षाला ५,२५,६०० नोंदी. सेन्सर आणि वेळ मिळून प्रायमरी की (नोंदीची एकमेव ओळख), टेबल ‘विदाउट रोआयडी’ (ओळीला वेगळा अंतर्गत क्रमांक न देणारं), तापमान पूर्णांकात: एवढं केलं की एका सेन्सरचं अख्खं वर्ष आठ-दहा मेगाबाइटमध्ये बसतं. फक्त वेळेलाच की केलं, तर दुसरा सेन्सर जोडल्यावर एकाच सेकंदाच्या दोन नोंदी आपटतात.

आणि आता कॉम्प्रेसर. तो चालू असताना आतली हवा गार होत जाते, बंद झाला की हळूहळू तापते, म्हणजे आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. २०१८ मध्ये ३.२५ आवृत्तीत तुम्ही विंडो फंक्शनं (आजूबाजूच्या ओळी पाहून हिशेब करणारी) आणलीत तेव्हापासून हे दात एका क्वेरीत मोजता येतात. ‘लॅग’ने पाच नोंदी मागचा आकडा घ्यायचा आणि आत्ताच्यातून वजा करायचा. उणे म्हणजे कॉम्प्रेसर चालू, अधिक म्हणजे बंद. अधिकाचं उणे झालं की एक सुरुवात. लागोपाठच्या दोन नोंदींचा फरक घेऊ नये, कारण सेन्सरची पायरी ०.०६२५ अंशाची असते आणि तिथे चिन्ह नुसतंच थरथरतं. ०.२ अंशाहून लहान फरक सोडून द्यावा. ‘लॅग’ नोंदी मोजतो, मिनिटं नाही. मध्ये तासाभराचं खिंडार असेल तर तो बेधडक त्यापलीकडचा आकडा आणतो, म्हणून वेळेचाही फरक तपासावा. सेन्सर हवेत लोंबता ठेवला तरच दात स्पष्ट दिसतात. पाण्याच्या ग्लासात बुडवला तर दात पुसले जातात, पण आतल्या अन्नाचं खरं तापमान त्यातूनच कळतं. दोन्ही लावावेत. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर मंद वेगाने बराच काळ चालूच राहतो, तिथे ही मोजणी लागू पडत नाही.

लॉकबद्दल, म्हणजे एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला लागणाऱ्या कुलपाबद्दल, थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण नवीन माणूस तिथेच अडखळतो आणि दोष तुमच्यावर येतो. एक स्क्रिप्ट नोंदी लिहिते, दुसरी आलेख काढते, आणि अचानक ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येतं. जर्नल मोड (बदल कसे लिहायचे याची सेटिंग) ‘वॉल’ केला, म्हणजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहायला लावले, की लिहिणारा वाचणाऱ्याला आणि वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. ही सेटिंग फाइलमध्येच नोंदली जाते, एकदाच करावी लागते. ‘बिझी टाइमआउट’चं, म्हणजे लॉक सुटायची वाट किती पाहायची याचं, तसं नाही: तो प्रत्येक कनेक्शनला वेगळा द्यावा लागतो आणि मुळात तो शून्य असतो, म्हणजे क्षणभरही न थांबता चूक परत येते. पाच सेकंद दिले की नव्वद टक्के तक्रारी मिटाव्यात. उरलेल्यांचं कारण जास्त खोल आहे. साध्या ‘बिगिन’ने ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या कामांचा गठ्ठा) उघडली, आधी वाचलं, मग लिहायला गेलं, आणि मधल्या वेळात दुसऱ्याने लिहून टाकलं, तर ‘वॉल’ मोडमध्ये टाइमआउट कितीही असो, चूक ताबडतोब येते. आपण पाहिलेलं चित्र जुनं झालेलं असतं, थांबून ते नवं होणार नसतं. लिहायचं आहे हे ठाऊक असेल तर ‘बिगिन इमिजिएट’ने सुरुवात करावी. आणि आलेखाच्या प्रोग्रॅमने वाचण्याची ट्रान्झॅक्शन तासन् तास उघडी ठेवू नये. तोवर वॉलची फाइल पुन्हा पहिल्यापासून वापरता येत नाही आणि फुगत जाते.

जुन्या नोंदींच्या एक लाख ओळी भरायच्या असतील तर ‘बिगिन’ आणि ‘कमिट’ यांच्यामध्ये भराव्यात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर सेकंदाला साधारण ६० ट्रान्झॅक्शन होतात. प्रत्येक ओळ स्वतंत्र ट्रान्झॅक्शन झाली तर अर्धा तास जातो, एकत्र केल्या तर काही सेकंद. मेमरी कार्डावर ‘सिंक्रोनस’ (नोंद पक्की होईपर्यंत किती थांबायचं ती सेटिंग) नॉर्मल ठेवावं. ‘वॉल’मध्ये असं केल्यावर अचानक वीज गेली तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, पण फाइल बिघडत नाही. मिनिटाच्या तापमानासाठी हा सौदा अगदी योग्य आहे.

एक गोष्ट मात्र आवडत नाही, तीही मनापासून सांगतो. पूर्णांकाच्या रकान्यात अक्षरं मुकाट्याने स्वीकारली जातात. सेन्सर गप्प बसला आणि स्क्रिप्टने आकड्याऐवजी ‘एरर’ हा शब्द घातला, तर तोही बसतो. तुमच्या क्रमात अक्षरं कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी, म्हणून महिन्याचं कमाल तापमान विचारल्यावर उत्तर येतं ‘एरर’. तसंच दुहेरी अवतरणात रकान्याचं नाव चुकीचं लिहिलं तर ते साधा मजकूर म्हणून खपून जातं. जुन्या प्रोग्रॅमांसाठी हे जपावं लागतं, हे समजतं. म्हणूनच २०२१ च्या ३.३७ आवृत्तीतल्या, रकान्याचा प्रकार सक्तीने पाळणाऱ्या ‘स्ट्रिक्ट’ टेबलांसाठी वेगळे आभार. नवं टेबल करताना तो एक शब्द शेवटी लिहावाच.

बॅकअपसाठी चालू फाइल नुसती कॉपी करणं धोक्याचं: ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असतात आणि त्या मागे राहतात. आपोआप जुळवून घेणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये तर या दोन फाइली वेगवेगळ्या क्षणी उचलल्या जातात. ‘व्हॅक्यूम इंटू’ने दुसरी फाइल बनवावी आणि तिच्यावर ‘इंटिग्रिटी चेक’ चालवावा. नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर वॉल ठेवूच नये. तो एकाच यंत्राच्या सामायिक मेमरीवर चालतो. अनेक यंत्रांना एकाच वेळी लिहायचं असेल तर दुसरा डेटाबेस घ्या, हे तुमच्या दस्तऐवजात तुम्ही स्वतःच स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या वस्तूच्या मर्यादा इतक्या सरळपणे सांगणारे दस्तऐवज फार थोडे आहेत, आणि आम्ही बरंच काही तिथेच शिकलो.

चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट, प्रत्येक शाखा तपासलेली, लिहिता लिहिता वीज गेल्याची मुद्दाम नक्कल केलेली. ही मेहनत फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्यांसाठी असेल, पण स्वयंपाकघरात टेबलाखाली धूळ खात पडलेल्या बोर्डालाही तीच मिळते, एक पैसा न देता. २००४ पासून तिसऱ्या आवृत्तीचं फाइल फॉरमॅट तुम्ही वाचनीय ठेवलं आहे आणि २०५० पर्यंत सांभाळण्याचा इरादा जाहीर केला आहे. परवान्याच्या जागी तुमच्या कोडमध्ये एक छोटा आशीर्वाद आहे. कोड सगळ्यांच्या मालकीचा राहावा म्हणून बाहेरून आलेले पॅच (कोडमधले बदल) तुम्ही सहसा घेत नाही, त्यामुळे त्या मार्गाने परतफेड करायची सोय नाही. शब्दच काय ते हाती उरतात.

जुन्या डिस्कवर नावही न समजणारी एखादी फाइल सापडते. तिचे पहिले १६ बाइट उघडून पाहिले की इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं असतं: एसक्यूलाइट फॉरमॅट ३. मग ‘स्कीमा’ (टेबलांची रचना) विचारला की टेबलं जशी लिहिली होती तशी, सोबतच्या टिपांसकट, समोर येतात. त्या १६ बाइटांबद्दलही आभार.

आपले कृतज्ञ,
फावल्या वेळात नोंदी ठेवणारे आम्ही