सुध्या, अण्णा कंपाउंड घालताहेत

कोल्हापूर, रविवार

प्रिय सुध्या,

दिवाळीला फोन करतो म्हणालो आणि केला नाही. शिव्या भेटल्यावर घाल, आधी हे वाच. गुरुवारी अण्णांचा फोन आला, "तारेच्या कंपाउंडला काय खर्च येतोय बघ रे." कुठल्या बाजूला, म्हटलं. "तिन्ही. तात्याकडची पण." आता तूच सांग मर्दा, हद्दीवरच्या मेंदीला कात्री लावायची तरी शेजारच्या तात्यांना हाक मारणारा माणूस! मी कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "भिंत नको. पलीकडचं दिसलं पाहिजे."

मग चेनलिंक, म्हणजे तिरक्या चौकोनांची विणलेली तारेची जाळीच. पण काकूंनी ठेकेदाराचं कोटेशन मोबाइलवर पाठवलं आणि माझ्या डोक्याला भुंगा लागलाय. त्यात एकच ओळ: "५ फूट जीआय जाळी, पोलसह, रनिंग फुटाप्रमाणे." जीआय म्हणजे जस्त चढवलेली, एवढंच कळतं. गेज, म्हणजे तारेची जाडी, नाही, भोक किती ते नाही, पोल कसले, खड्डा किती खोल, काही नाही. असल्या कागदावर काय पण उभं करता येतंय.

गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे तुला ठाऊक आहे. १० गेज म्हणजे ३.२५ मिमी, १२ म्हणजे २.६४. ऐकायला किरकोळ, पण वजनात १० गेज दीडपट. "दहा-बारा गेज" असली चीज नसते. १० गेज, २ बाय २ इंच, असं लिहून घ्यायचं. भोक समोरासमोरच्या दोन तारांमध्ये मोजायचं, टोकाटोकाला नाही. २ च्या जागी ३ इंची आली तर तार तिसऱ्या हिश्शानं कमी आणि दर चौरस फुटाचा तोच. माल उतरला की कडेची एक तार फिरवून बाहेर काढायची, ठोकून सरळ करायची, मीटरभर तोडायची आणि किराणावाल्याच्या काट्यावर टाकायची. ६५ ग्रॅमच्या आसपास भरली तर १० गेज, ४३ भरली तर आपल्याला १२ टेकवलंय. नुसतं जीआय म्हणणंही पुरत नाही. आयएस २७२१ या भारतीय मानकाप्रमाणे, जस्ताचा थर किती ग्रॅमचा, हे बिलावर पाहिजे. आपल्या पावसात पातळ मुलामा लवकर तांबडा होतो. हिरव्या प्लास्टिकची जाळी काकूंना आवडलीय, पण तिचं माप प्लास्टिक धरून सांगतात, आतली तार त्याहून बारीक असते.

तरी खरं सांगू, जाळीत थोडं इकडंतिकडं झालं तर मी गप्प बसेन. कंपाउंड जाळीनं पडत नाही लेका, कोपऱ्यानं पडतं. ताण सगळा कोपऱ्याच्या पोलावर. तो बोटभर आत झुकला की दोन पोलांमधला सगळा गाळा झोळ खातो, मग कुत्रं खालून आणि शेजारच्या कोंबड्या वरून. म्हणून तिथं काटकसर नको. मधले पोल ४०-४०-५ मिमीचे लोखंडी अँगल, ७ फुटी, ५ वर आणि २ जमिनीत. कोपऱ्याचे आणि टोकाचे ५०-५०-६ चे, साडेसात फुटी, आणि प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही रांगांच्या दिशेनं तिरके टेकू, टोकाला एकेक. टेकू पोलाच्या दोन तृतीयांश उंचीवर जोडायचा आणि खाली त्याला स्वतःचा काँक्रीटचा खड्डा. नुसता मातीत रोवलेला टेकू शोभेचा. तुला सिमेंटचे पोल आवडतात, माहीत आहे. तुला फुटबॉलमध्ये शिवाजी तरुण मंडळपण आवडतं.

हिशेब मांडलाय: ६०, ४०, ६०, म्हणजे १६० फूट. साडेसात-आठ फुटांचे गाळे धरले तर २१ गाळे, २२ पोल, त्यातले ४ जाड. मधल्यांना १ बाय १ बाय २ फुटी खड्डे, जाडांना दीड बाय दीड, अडीच खोल. माल १:२:४, सिमेंट, वाळू, खडी. सगळं मिळून सिमेंटची बारा-तेरा पोती जातील. मागच्या अंगाला काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा टाकते, तेव्हा तिथं मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, दोन फुटांवर हात झटकायचे नाहीत. आणि काँक्रीट जमिनीच्या वर दोन इंच काढून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, कारण अँगल सडतो तो जमिनीलगत, पाणी साचतं तिथंच. तुझी ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे ना? माझं आहे तसंच.

घाई जिथं नको तिथंच ही माणसं करतात. आज काँक्रीट ओतलं, उद्या जाळी ताणली. आधी कोपरे, मग दोरी, मग मधले पोल, आणि किमान आठवडाभर रोज पाणी. त्यानंतर ८ गेजच्या तीन ओढतारा, वर, मध्ये, खाली. त्याला पंधरा किलो तार लागते, सोळा-सतरा घे. जाळीच्या टोकाच्या भोकांतून उभी लोखंडी पट्टी घालायची, पट्टी पोलाला बोल्टनं आवळायची, आणि दुसऱ्या टोकाला चेनपुलीनं ओढायचं. हातानं ओढलेली जाळी महिन्यात पोट काढते. रोल जोडायचा किंवा लांबी कमी करायची तर एक तार फिरवून काढायची-घालायची, कटर नाही. बांधायला जीआय तार. सळई बांधायची काळी तार वापरली तर एका पावसात तुटते, आणि ती वापरतातच. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथं झिंकचा रंग लगेच. जाळी पोलांच्या बाहेरच्या अंगाला हवी, म्हणजे म्हैस अंग घासायला आली तरी जोर पोलावर जातो. वहिनींना सांग, कृष्णकमळ सोडायचं तर मोजकंच. गच्च वेल चढला की वारा जाळीतून जात नाही, पोलाला ढकलतो.

सोनूच्या दहावीचं कळव. बदलीचं काय झालं? घर विकायचं नाही, एवढं बघ.

तात्यांच्या हद्दीवर मात्र अंदाज नको. आधी भूमी अभिलेखकडं हद्द कायम मोजणीचा अर्ज, तोही दोघांना सांगून. दगड सापडले तरी खड्डे पूर्ण आपल्या बाजूला. मेंदी मुळासकट काढायला अण्णा तयार नाहीत, ते एका परीनं बरंच.

आणि एक राहिलं. तात्यांच्या बाजूला ३ फुटी छोटं गेट ठेवायचं का? ठेवायचं असेल तर तिथले दोन पोल जाड लागणार, गेटच्या चौकटीचा तिरका अँगल खालच्या बिजागरीपासून वर कडीच्या कोपऱ्याकडं जाणार, म्हणजे खड्डे मारायच्या आधी ठरलं पाहिजे. अण्णांना विचारायची माझी छाती नाही. तू विचार, आणि बुधवारच्या आत कळव. गुरुवारी ठेकेदार माप घ्यायला येतोय.

तुझा,
बंड्या