टेफ्लॉनच्या बिलावर रबरी होज

दि. १२ मे

प्रति,
व्यवस्थापक, होज असेंब्ली विभाग,
भोसरी एमआयडीसी, पुणे

विषय: ब्रेक होजमध्ये टेफ्लॉनऐवजी रबरी नळी घालून दिल्याबाबत

महोदय,

डिसेंबरात पुण्याला आलो होतो तेव्हा तुमच्याकडून चार ब्रेक होज करून घेतले. दोन बसवायला, दोन राखीव. बाहेर स्टीलची जाळी, आत टेफ्लॉन, दोन्ही टोकांना चार नंबरची एएन फिटिंग, म्हणजे विमानात वापरतात ते जोड. ऑर्डर मी काउंटरवर उभं राहून स्वतः लिहून दिली आणि ‘मिनरल हायड्रॉलिक ऑइलसाठी’ या शब्दांखाली रेघही ओढली. बिलावर टेफ्लॉनच लिहिलंय, पैसेही टेफ्लॉनचेच घेतलेत. विमानासाठी हवेत म्हटल्यावर तुमच्याकडचा मुलगा हसून म्हणाला, “कांदिवलीला अमोल यादवांनी गच्चीवर बांधलं, तसलं का?” तसलं नाही. त्यांनी विमानाचा आराखडाही स्वतःच केला. मी टेक्सासातल्या घराच्या गॅरेजमध्ये किटचे भाग सात वर्षं जोडत बसलो. दोन सीटचं आरव्ही-७ए.

या विमानाचं पुढचं चाक मोकळं फिरतं, त्याला स्टिअरिंग नसतं. जमिनीवर हळू चालवताना वळायचं ते डावा किंवा उजवा ब्रेक दाबूनच. त्यामुळे ब्रेकवर सतत काम पडतं. चाकाच्या पायावरून कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाची डिस्क दाबून धरणाऱ्या भागापर्यंत, आधी अ‍ॅल्युमिनियमची पाव इंची नळी होती. थरथरीने तिच्या फ्लेअरपाशी, म्हणजे जोडात बसणाऱ्या पसरट टोकापाशी, तडा जायची भीती, म्हणून जानेवारीत ती काढून तुमचे होज बसवले.

एप्रिलमध्ये विमान डावीकडे ओढायला लागलं. आधी वाटलं वारा असेल. तिसऱ्या दिवशी धावपट्टीकडे जाताना उजवा ब्रेक पूर्ण दाबूनही ते डावीकडे वळत गेलं आणि गवतात जाऊन थांबलं. उतरून पाहिलं तर डाव्या डिस्कजवळ हात नेववत नव्हता. चाक जाम. पेडलपाशी तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडचा जोड सैल केला, तरी जाम. मग कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, पाव आटा उघडला, लाल तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे दाब अडकला होता तो मधल्या होजमध्ये. पायाच्या जोराने तेल पुढे जात होतं, मागे येत नव्हतं.

होज उतरवून हॅकसॉने उभा चिरला. आतली नळी फुगून तिचं भोक जेमतेम टाचणी जाईल एवढं राहिलं होतं. टेफ्लॉन नखाला कडक, गुळगुळीत लागतं. इथे नख रुतत होतं. राखीवातला एक कापला, त्यातही रबरच.

तुम्हाला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, “टेफ्लॉनची नळी संपली होती, म्हणून ईपीडीएम लावली. गाड्यांना तीच चालते.” ईपीडीएम म्हणजे एक प्रकारचं रबर. गाड्यांना ते चालतं, कारण गाडीत डॉट थ्री किंवा फोर हे ब्रेक तेल असतं, ग्लायकॉलचं. माझ्या ब्रेकमध्ये ५६०६ आहे, खनिज तेल. खनिज तेलात ईपीडीएम फुगतं, हे होज बनवणाऱ्याला मी सांगायचं? त्यावरचा सल्ला तर कहर होता: “मग तुम्ही डॉट फोरच भरा ना.” कॅलिपर आणि मास्टर सिलिंडरमधल्या ओ-रिंग (तेल अडवणारी गोल वेढणी) नायट्राइल या दुसऱ्या रबराच्या आहेत, त्या डॉट तेलाने खराब होतात. एका होजची चूक झाकायला पूर्ण ब्रेक यंत्रणा बिघडवायची! शिवाय ५६०६ चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास. घासून तापलेली डिस्क त्याच्या कितीतरी वर जाते. तिथे फुगलेली नळी फुटून तेल उडालं असतं तर हे पत्र बहुधा विमा कंपनीला लिहावं लागलं असतं.

एक गोष्ट तुम्ही चोख केलीत, तीही सांगतो. फिटिंग विमानाला लागतात तशी ३७ अंशी फ्लेअरचीच दिलीत. ४५ अंशी फ्लेअरच्या गाडीच्या फिटिंगलाही याच मापाचे आटे असतात, ती चढतात पण नीट बसत नाहीत, आणि पुष्कळ दुकानदार तिथेच घोळ घालतात. तुमच्या माणसाला काम येतं. म्हणूनच न विचारता माल बदलल्याचा राग जास्त येतो. एक फोन केला असता तर मी आठवडाभर थांबलो असतो.

माझीही चूक आहे. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला प्रमाणित भागच लावायची सक्ती नसते. दर बारा महिन्यांची तपासणी मीच करून सही करतो. बसवण्याआधी राखीव होज कापून बघायला हवा होता. पण त्याने तुमचं बिल खरं होत नाही.

मला चारही होजचे पैसे परत हवेत आणि माल कोणी, कधी बदलला ते लेटरहेडवर लेखी हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या दिवसांत टेफ्लॉन म्हणून आणखी कोणाला असे होज दिले असतील तर त्यांना आजच फोन करा. कोणाच्या प्रेसमध्ये किंवा लिफ्टमध्ये खनिज तेलावर ते बसले असतील. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुण्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन.

चिरलेल्या होजचे दोन्ही अर्धे पुण्याला येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतोय, शनिवारी तो तुमच्याकडे येईल. तेल पुसलेलं नाही, पिशवी जपून उघडा.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची व ऑर्डरच्या कागदाची प्रत, चार फोटो