गाडी एमएच ०९ ची, पत्ता निपाणीचा: परिवहन मंत्री साहेबांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री, कर्नाटक सरकार यांस,

साहेब नमस्कार. मी निपाणीचा, म्हणजे कर्नाटकातला, वय २३, हद्दीपलीकडं महाराष्ट्रात कागल एमआयडीसीत फौंड्रीला कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री हायवेवरून बाईकनं यायचं, पावसाळ्यात कोगनोळी नाका येईस्तोवर पुढचं काही दिसत नाही आणि मागून ट्रक असतातच, म्हणून आईनं धोशा लावला की जुनी का असेना, चारचाकी घे. बजेट दोन लाख.

बेळगाव, चिक्कोडी सगळीकडं बघून झालं आणि शेवटी मनासारखी मिळाली ती कोल्हापुरात, २०१६ ची, हजार सीसीच्या आतली पेट्रोल, एकाच मालकाची, एक लाख ऐंशी हजाराला. आमच्या मेस्त्रीनं दरवाजाचं रबर ओढून आतला गंज बघितला, डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घेतलं, चारी टायर आतल्या बाजूनं चाचपले आणि म्हणाला घे डोळे झाकून. घरापासून चाळीस किलोमीटरवरची गाडी, साहेब. पण कायद्याला ती काश्मीरहून आणल्यासारखीच, कारण मधे राज्याची हद्द आहे.

आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, मग इकडं नवीन नंबर, आणि त्याच्यासाठी परत लाईफटाईम टॅक्स, म्हणजे एकरकमी भरायचा रोड टॅक्स. आपल्या राज्यात पाच लाखाच्या आतल्या गाडीला १३ टक्के, वर सेस. गाडीच्या वयाप्रमाणं सूट मिळते हे खरं, पण हिशोब धरतात तो गाडी नवीन असतानाच्या किमतीवर, मी दिलेल्या एक लाख ऐंशी हजारावर नाही. एजंटनं त्याची फी धरून तीस हजाराच्या आसपास सांगितले. पहिल्या मालकानं महाराष्ट्रात भरलेला टॅक्स उरलेल्या वर्षांचा परत मिळतो म्हणतात, पण इथं पैसे भरून नवीन नंबर दाखवल्याशिवाय तिकडं अर्ज होत नाही. म्हणजे तिकडचा परतावा येईस्तोवर इकडच्या टॅक्सचे सगळे पैसे माझ्यासारख्याचे अडकून पडणार, माझा दीड महिन्याचा पगार गेला की त्यात.

मग पोरं काय करतात तर काहीच करत नाहीत. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी पुस्तक, जुन्या मालकाच्या नावावर, इन्शुरन्स त्याच्याच नावावर, गाडी आमच्या दारात. माझ्या मावसभावानं तेच केलं. तवंदी घाटात ब्रेक लागला नाही आणि कठड्याला धडकून पुढचा भाग पार आत गेला, हा वाचला, देवाची कृपा. फुल इन्शुरन्स होता. इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर आला, आरसी बघितली, गाडी चालवणारा कोण आणि विकत घेतलेली कुणी विचारलं आणि क्लेम नामंजूर झाला. नंतर आम्हाला कळलं की गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, आपोआप नवीन मालकाकडं येतं पण स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. हे त्याला ना विकणाऱ्यानं सांगितलं ना एजंटनं.

आणि विकणारापण सुटत नाही बरं का. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो. मावसभावानं समजा कुणाला उडवलं असतं तर त्याच्या गाडीच्या जुन्या मालकाला, कोल्हापूरच्या म्हाताऱ्या गृहस्थाला, कोर्टाची नोटीस गेली असती.

इन्शुरन्स महाग आहे असं मी म्हणणार नाही. थर्ड पार्टीचा रेट केंद्रानं जून २०२२ ला हजार सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ रुपये ठरवून दिला, वर १८ टक्के जीएसटी, तेवढं कुणीपण भरेल. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, आम्ही शून्यापासून सुरू करतो, तेही चालेल. पण नावावरच गाडी नाही तर पॉलिसी नावावर होणार कशी?

राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागू नये म्हणून बीएच सिरीज २०२१ ला आली, पण ती सरकारी नोकरांना आणि चार राज्यांत ऑफिसं असलेल्या कंपन्यांच्या लोकांना. मी रोज राज्य ओलांडून कामाला जातो, माझी गाडी दिवसातले आठ-नऊ तास महाराष्ट्रात उभी राहणार, पण मला ती मिळत नाही. हे केंद्राकडं तुम्ही मांडावं.

तुमच्या हातात आहे ते मात्र आत्ता करा. टॅक्स हप्त्यानं घ्या, किंवा तिकडचा परतावा हातात येईपर्यंत मुदत द्या. दोन्ही राज्यांच्या आरटीओचा डेटा एकाच वाहन पोर्टलवर आहे, मग तिकडं भरलेलं इकडं वळतं करायला काय हरकत आहे? सात-आठ वर्षांपुढच्या गाडीला आजच्या किमतीवर टॅक्स लावा. निपाणी, खानापूर, चिक्कोडीला महिन्यातून एक दिवस कॅम्प घ्या, तिथं मराठीत समजावून सांगणारा एक माणूस बसवा, कारण कन्नड फॉर्म वाचता येत नाही म्हणूनच आमची माणसं एजंटच्या हातात जातात. आणि एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट लागतं, मी इतक्या ठिकाणी फिरलो, एकाच्याही भिंतीवर मला ते दिसलं नाही, त्याची तपासणी लावा.

मी कोल्हापूरच्या मालकाला पाच हजार ॲडव्हान्स दिलाय. तो महिनाभर थांबतो म्हणालाय. गाडी मला माझ्याच नावावर घ्यायची आहे, साहेब.

आपला,
निपाणीचा एक तरुण