ती टेस्ट बाळाची नाही, वारेची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत हाँगकाँगच्या डॉ. डेनिस लो यांच्या संशोधनावर लेख आला होता, चांगला होता, कात्रण काढून ठेवलंय. पण मथळ्यात आणि शेवटच्या परिच्छेदात असं दिलंय की आता आईच्या रक्ताच्या एका तपासणीत, म्हणजे एनआयपीटीत, बाळाचे सगळे आनुवंशिक आजार कळतात आणि तेही 99 टक्के खात्रीने. तेवढ्यासाठी हे पत्र. मी 34 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता रिटायर आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगतो.

आधी लो यांच्याबद्दल, कारण लेखात पुरस्कारांची यादीच जास्त आणि त्यांनी केलं काय ते दोन ओळीत उरकलंय. हा माणूस 1989 पासून ऑक्सफर्डला आईच्या रक्तात बाळाच्या पेशी शोधत होता. कल्पना बरोबर होती पण पेशी इतक्या कमी सापडायच्या की हाती काही लागेना. त्यात आणखी एक गोची अशी की बाळाच्या काही पेशी आईच्या शरीरात वर्षानुवर्षं टिकतात, 1996 मध्ये अमेरिकेत एका बाईच्या रक्तात बाळंतपणानंतर 27 वर्षांनी अशा पेशी मिळाल्या, म्हणजे सापडलेली पेशी आत्ताच्या बाळाची का थोरल्या मुलाची हेच कळायचं नाही. आठ वर्षं अशी गेली. मग कॅन्सरच्या गाठीचा डीएनए पेशंटच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, सापडतो असे पेपर 1996 ला आले, ते वाचून यांच्या डोक्यात आलं की एवढीशी गाठ रक्तात डीएनए सोडत असेल तर तीन किलोचं बाळ का नाही सोडणार?

आता आमच्या धंद्यातली गंमत बघा. डीएनए हवा म्हणलं की सगळे पेशींच्या मागे, ईडीटीएचा बल्ब, म्हणजे रक्त गोठू न देणारी नळी, सेंट्रिफ्यूजला फिरवायचा, पेशी ठेवायच्या आणि वरचं पिवळं पाणी म्हणजे प्लाझ्मा बेसिनमध्ये. लो पण तेच करत होते. 1997 च्या सुरुवातीला ते हाँगकाँगला परत आले, तिथं फारशी साधनं हाताशी नव्हती, प्लाझ्मातून डीएनए काढायचा कसा हेही माहीत नव्हतं, तर त्यांनी सरळ इन्स्टंट नूडल्स उकळतात तसा प्लाझ्मा पाच मिनिटं उकळला आणि त्यातला 10 मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा पाचवा हिस्सा, पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून शोधणाऱ्या टेस्टला, लावला. शोधलं काय तर वाय क्रोमोसोम, म्हणजे मुलग्यातच असणारं गुणसूत्र, कारण तो आईकडे नसतोच, सापडला तर बाळाचाच. मुलगा पोटात असलेल्या 30 जणींपैकी 24 जणींच्या प्लाझ्मात तो मिळाला आणि मुलगी असलेल्या 13 पैकी एकीच्याही नाही. ऑगस्ट 1997 च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पुढं त्यांनीच दाखवलं की बाळंतपण झालं की दोन तासांत हा डीएनए आईच्या रक्तातून जातो, म्हणजे थोरल्या मुलाचा घोळ पण मिटला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती वर्षं किती लिटर प्लाझ्मा आपण फेकून दिला असेल!

नंतरचं कामही लेखात यायला हवं होतं. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या आईचं बाळ पॉझिटिव्ह आहे का हे आईच्याच रक्तावरून कळू शकतं, हे त्यांनी 1998 लाच दाखवलं. डेन्मार्क, नेदरलँड्समध्ये आता त्यावरून ठरवतात गरोदरपणात अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं का नाही, आपल्याकडं सरसकट देतात. दुसरं, ज्या बायकांना गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जातं, प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात तो, त्यांच्या रक्तात बाळाकडचा डीएनए इतरांपेक्षा साधारण पाचपट असतो हे 1999 चं काम. हे मला फार भिडलं, कारण आमच्या सुरुवातीच्या काळात तपासणीला आलेल्या गरोदर बायकांची लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची आणि वरचा भाग पांढरा झाला की पळत जाऊन सिस्टरला सांगायचं, एवढंच आमचं शास्त्र होतं. उकळणं दोघांचंही, फरक डोक्याचा.

प्रीएक्लॅम्पसियात बिघाडाचं मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, असतं, आणि हाच माझा मुद्दा आहे. आपण ‘बाळाचा डीएनए’ म्हणतो तो बहुतेक सगळा वारेतून आलेला असतो. वार आणि बाळ एकाच गर्भापासून होतात त्यामुळे बहुतेक वेळा दोन्ही सारखंच. पण कधीकधी वारेतल्या काही पेशींमध्ये क्रोमोसोम जास्तीचा असतो आणि बाळात काहीच नसतं. टेस्ट मग वारेबद्दल खरं बोलते आणि बाळाबद्दल चुकीचं.

आमच्याच घरात हे झालं. भाची 29 वर्षांची, पुण्यात असते, पहिलं बाळंतपण. बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी नॉर्मल, तरी करून टाका म्हणून एनआयपीटी केली, वीस हजाराच्या आसपास गेले. मग एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, लाल अक्षरात हाय रिस्क, ट्रायसोमी 21, म्हणजे डाउन सिंड्रोम. खाली बारीक अक्षरात डॉक्टरांचा सल्ला घ्या. डॉक्टर बाहेरगावी, तीन दिवस कोणी नीट फोन उचलेना. भाचीचा फोन, ‘मामा, नव्व्याण्णव टक्के म्हणतायत.’ तिच्या सासूबाईंचं सुरू झालं होतं, आमच्यात असलं कोणी नाही, कशाला वाट बघायची, आत्ताच काय ते उरकून घ्या.

मी तिला कागदावर मांडून दाखवलं ते इथं लिहितो. तिच्या वयाला डाउनचं प्रमाण साधारण हजारात एक धरू. अशा 10,000 बायकांची टेस्ट केली तर 10 बाळं खरोखर डाउनची, ती जवळपास सगळी पकडली जातील, इथपर्यंत 99 टक्के खरं आहे. पण उरलेल्या 9,990 मध्ये समजा हजारात एक जरी चुकीची पॉझिटिव्ह आली तरी आणखी 10 झाल्या. म्हणजे हाय रिस्कचा कागद 20 जणींच्या हातात आणि त्यातल्या 10 जणींचं बाळ ठणठणीत. 99 टक्क्याचं अर्ध्यावर आलं की नाही? बाई चाळिशीची असेल तर प्रमाण शंभरात एकाच्या आसपास, तिथं हाच कागद बराच खरा ठरतो. आणि जितका आजार दुर्मीळ तितकं हे गणित बिघडत जातं. क्रोमोसोमचा बारीकसा तुकडा गायब असण्याच्या ज्या टेस्ट हल्ली पॅकेजमध्ये घालून देतात त्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं एप्रिल 2022 मध्ये जाहीर इशारा दिला होता की या सगळ्या स्क्रीनिंग टेस्ट आहेत, निव्वळ यांच्यावर विसंबून गर्भाबद्दल निर्णय घेऊ नका.

पक्कं करायचं तर सोळाव्या आठवड्यात गर्भजल काढून तपासायचं. सीव्हीएस, म्हणजे तुकडा काढून तपासणं, आधी होते पण तो तुकडाही वारेचाच, म्हणून तिच्या डॉक्टरांनी, भेटल्यावर हां, गर्भजलच सुचवलं. मधले चार आठवडे त्या पोरीनं कसे काढले ते तिलाच माहीत, जेवण जायचं नाही, पोटाला हात लावायचं पण टाळायची. ठराविक क्रोमोसोम मोजणाऱ्या फिश टेस्टचा रिपोर्ट काही दिवसांत आणि पूर्ण कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या क्रोमोसोमची तपासणी, तीन आठवड्यांनी, दोन्ही नॉर्मल, 46 क्रोमोसोम. आता बाळ आठ महिन्यांचं आहे, रांगतंय. पण सासूबाईंचं ऐकलं असतं तर? आणि ज्यांना कागदावर मांडून दाखवणारा कोणी मामा नाही त्यांचं काय? रिपोर्ट खरा निघून कुणाला गर्भपात करायचा असेल तर तो त्यांचा निर्णय, मी बोलणार नाही. कायद्यानं 2021 पासून अशा बायकांसाठी 24 आठवड्यांपर्यंत मुदत वाढलीय आणि गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढंही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, म्हणजे गर्भजलाच्या रिपोर्टची वाट बघायला वेळ असतो. हेच घाबरलेल्या घराला कोणी सांगत नाही.

आता ‘सगळे आजार’ या शब्दाबद्दल. नेहमीची एनआयपीटी मुख्यतः 21, 18 आणि 13 नंबरचे क्रोमोसोम जास्तीचे आहेत का बघते. थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार ती बघत नाही. लो यांनी स्वतः 2002 मध्ये बापाकडून येणारा थॅलेसेमियाचा दोष आईच्या रक्तात आहे का नाही हे शोधून दाखवलं होतं, दक्षिण चीन आणि हाँगकाँगमध्ये तो आजार बराच आहे म्हणून, पण ते वेगळं काम. विदर्भात, नंदुरबारकडं सिकलसेल केवढा आहे आपल्याला माहितीय. तिथल्या एखाद्या जोडप्यानं तुमचा लेख वाचून एनआयपीटी नॉर्मल आली म्हणून दोघांची एचपीएलसी, म्हणजे सिकलसेल-थॅलेसेमियाची रक्ततपासणी, केलीच नाही तर? ती टेस्ट एनआयपीटीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे हो.

लेखात एक गोष्ट अजिबातच नव्हती. लो यांनी पहिल्यांदा जे शोधलं ते वाय क्रोमोसोम, त्यांच्यासाठी ती नुसती खूण होती. आपल्याकडं त्याच खुणेसाठी काय काय झालंय! महाराष्ट्रानं 1988 मध्येच गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला, केंद्राचा 1994 चा, 1996 पासून लागू, 2003 मध्ये आणखी कडक. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुलींचं प्रमाण 2001 च्या 913 वरून 2011 ला 894. म्हणून आपल्या लॅब रिपोर्टमध्ये लिंग देत नाहीत आणि द्यायचं पण नाही. चीनमध्येही बंदी आहे, तर तिथून बायकांचं रक्त लपवून हाँगकाँगला पाठवायचे मुलगा का मुलगी बघायला, ज्या शहरात हा शोध लागला तिथंच! याचा दोष मी लो यांना देत नाही, पण पाऊण पानात दोन ओळी यायला हव्या होत्या.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत छोटी चौकट टाका. हाय रिस्क आलं तर गर्भजल तपासल्याशिवाय काही करू नका, लो रिस्क आलं तरी दोघांची एचपीएलसी करा, आणि रिपोर्ट हातात पडायच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की पॉझिटिव्ह आली तर मला फोन कोण करणार. व्हॉट्सॲपवर पीडीएफ नको म्हणून सांगा.

आपला नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज