बेचाळीस जणांनी वाचलं, बोललं कोणीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धर्मावरून ऑनलाइन जी शिवीगाळ चालते त्यावर तुमच्याकडं पत्रं येतच असतील आणि बहुतेकांनी शिव्या देणाऱ्यांनाच झोडपलेलं असणार. माझी तक्रार जरा वेगळ्या माणसांबद्दल आहे, जे स्वतः शिवी देत नाहीत, नुसतं वाचतात आणि पुढं जातात, आणि त्यात मी स्वतः आहे म्हणून हे लिहितोय.

आमच्या शाळेच्या बॅचचा ग्रुप आहे, पन्नासेक जण. एका रात्री एकानं एक क्लिप टाकली, वर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’चा शिक्का, म्हणजे टाकणाऱ्यालाही ती कुठून आली ते माहीत नाही, खरी का खोटी बघायची तसदी तर कोण घेतंय. क्लिपमध्ये एका धर्माच्या प्रार्थनेबद्दल काहीबाही सांगितलं होतं. त्या धर्माचा ग्रुपवर एकच मित्र, पहिलीपासून आमच्याबरोबरचा. त्यानं शांतपणे पाच-सहा ओळी लिहिल्या की अरे हे असं नाहीये, त्या शब्दाचा अर्थ आमच्यात असा धरतात, आणि क्लिपमध्ये वाक्य अर्धंच घेतलंय. अगदी साधं लिहिलं होतं, कुठं चिडणं नाही, टोमणा नाही.

त्यावर पहिलं उत्तर आलं : “तुम्ही लोक नेहमी असंच सांगता.”

बघा, मराठीत एरवी ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं की मान वाढतो. इथं चाळीस वर्षं ज्याला ‘तू’ म्हणत आलो, जो कधीकधी ‘ए गाढवा’सुद्धा होता, तो एका मिनिटात ‘तुम्ही लोक’ झाला. मला वाटतं खरी शिवी हीच, नंतरच्या दहा मिनिटांत जे आलं ते तिच्यापुढं काहीच नाही (ते मी लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही). कारण ‘तुम्ही लोक’ म्हटलं की त्यानं काय लिहिलंय त्याला उत्तर द्यायची गरजच राहत नाही, आजवर त्याच्या धर्माच्या कुणी कुठं जे काही केलं असेल त्या सगळ्याचा जाब त्या एकट्याला विचारता येतो. आणि तसाच विचारलाही. त्याचं ‘टायपिंग’ दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं, असं दोन-तीनदा झालं आणि मग बघितलं तर ग्रुपच्या यादीत त्याचं नावच नव्हतं, तो बाहेर पडला होता.

सकाळी सहाला सूर्योदयाचा फोटो, शुभ सकाळ, त्याला अठरा नमस्कार. ॲडमिननं दुपारी नियम टाकला, धर्म आणि राजकारण बंद, पुढं तीन लाल उद्गारचिन्हं. झालं, विषय संपला. म्हणजे ज्यानं खोटी क्लिप टाकली तो आणि ज्यानं ती दुरुस्त केली तो, दोघं एकाच नियमात आले, आणि याला आम्ही समजूतदारपणा म्हणतो!

आता लोक म्हणतात की हे सगळं खोट्या नावांमुळं होतं, खरं नाव सक्तीचं करा, बघा कसे सरळ होतात. हे काही नुसतं बोलण्यापुरतं नाही, दक्षिण कोरियानं खरंच करून बघितलं होतं, मोठ्या वेबसाइटवर काही लिहायचं तर आधी ओळख पटवायची असा कायदा २००७ पासून लागू केला आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो रद्द केला, वर हेही सांगितलं की यानं वाईटसाईट लिखाण काही कमी झालेलं दिसत नाही. आमच्या ग्रुपवर तर खोटं नाव कुणाचंच नाही, प्रत्येकाचा फोटो आहे, कोण कुणाच्या लग्नात नाचलंय तेसुद्धा माहितीय. तरी झालंच. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००४ साली लिहिलं होतं की ऑनलाइन माणसाचा लगाम का सुटतो, त्यात निनावीपणा हे एक कारण आहेच, पण समोरच्याचा चेहरा न दिसणं आणि बोलून झाल्यावर त्याचं उत्तर यायच्या आत निघून जाता येणं, हीसुद्धा कारणं आहेत. आम्हाला त्या रात्री त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त ‘टायपिंग’.

तसं समोरासमोर बसून सगळे गोडच बोलतात असंही नाही म्हणा. अकबरानं १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना बांधला, गुरुवारच्या रात्री धर्मावर चर्चा करायला. सुरुवातीला तिथं फक्त मुसलमान विद्वानच यायचे, म्हणजे सगळे एकाच धर्माचे, तरी पहिलं भांडण कशावरून, तर कुणी कुठं बसायचं यावरून. एका रात्री गोंगाट इतका वाढला की बादशहा वैतागला आणि दरबारातल्या बदायुनी या इतिहासकाराला म्हणाला, जे कोण वेडंवाकडं बोलतील त्यांची नावं मला सांग, मी त्यांना उठवून लावतो. बदायुनी शेजारच्या आसफ खानाच्या कानात पुटपुटला की हा हुकूम पाळायचा म्हटला तर बहुतेकांना उठवावं लागेल. बादशहानं विचारलं काय म्हणालास, यानं सांगून टाकलं, आणि अकबराला ते इतकं आवडलं की त्यानं जवळच्यांना ऐकवलं. हे खुद्द बदायुनीनंच लिहून ठेवलंय. आमच्या ॲडमिनची अडचण साडेचारशे वर्षं जुनी आहे, एवढाच याचा अर्थ. फरक इतकाच की अकबरानं त्या भांडणांपायी विषय बंद केला नाही, पुढं उलट हिंदू, जैन, पारशी आणि गोव्याहून आलेले जेझुइट पाद्रीसुद्धा तिथं आणून बसवले.

आणि मला गोडगोड बोलणं हवंय असंही कुणी समजू नये. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघं एकमेकांना चांगलंच सुनावतात, एकमेकांच्या देवाधर्माची टर उडवतात, आजच्या कुठल्याही ग्रुपवर ते टाकलं तर तासाभरात ग्रुप फुटेल. पण तिथं एकानं काही विचारलं की दुसरा त्याच गोष्टीला उत्तर देतो, सोडून पळत नाही, आणि शेवटी दोघं मिठी मारतात. सोळाव्या शतकात हे लिहिलंय. तुझ्या धर्मातली अमुक गोष्ट मला पटत नाही हे म्हणायचा हक्क सगळ्यांना असलाच पाहिजे, त्याशिवाय चर्चा कसली. श्रद्धेवर प्रश्न विचारणं वेगळं आणि श्रद्धा असणाऱ्या माणसाला ‘तुम्ही लोक’ म्हणून हाकलणं वेगळं, आणि आमच्यातले बरेच जण पहिल्याच्या नावाखाली दुसरं करतात आणि वर अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणतात. उलट काही जण असेही की साधा प्रश्न विचारला तरी त्यांच्या भावना दुखावतात, त्यांच्याशी बोलायचं कसं हा प्रश्न मलाही सुटलेला नाही.

तीन आठवड्यांनी मी मित्राला फोन केला. तीन आठवडे का लागले ते विचारू नका. मला वाटलं तो क्लिप टाकणाऱ्यावर चिडलेला असेल. तो म्हणाला, “त्याचं काय रे, त्याला मी शाळेपासून ओळखतो, तो तसाच. मी माझ्या मेसेजवर दाबून इन्फो उघडली. बेचाळीस जणांनी वाचलं होतं. तुझंही नाव होतं, ९ वाजून ४८ मिनिटं.”

मला बोलायला काही सुचेना. मग तोच म्हणाला, “जाऊ दे. आमचाही एक नातेवाइकांचा ग्रुप आहे, तिथं तुमच्याबद्दल काय काय येतं ते मी वाचतोच की. मी तरी कुठं बोलतो तिथं.”

हे ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये. तो त्यांच्या ग्रुपवर गप्प, मी आमच्या ग्रुपवर गप्प, दोघं आपापल्या जागी सभ्य. त्यानं आमच्या ग्रुपवर कितीही समजावलं तरी तो ‘तुम्ही लोक’मधलाच, त्याचं कोण ऐकणार, तिथं ऐकलं असतं तर माझं ऐकलं असतं. तसंच त्याच्या नातेवाइकांनी त्याचं ऐकलं असतं, मी तिथं जाऊन काय उपयोग. आपल्या माणसाला आपणच थांबवायचं असतं, ते काम परक्याला करता येत नाही आणि ॲडमिनच्या नियमालाही येत नाही. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात हेच आहे, गिरनारला तो दगडावर कोरलेला आहे, की जो आपल्या पंथाच्या भक्तीपायी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. तिथं शब्द वापरलाय ‘वचिगुती’, म्हणजे बोलण्यावर ताबा. राजा तरी आधी आपापल्या घरात बघा असंच सांगत होता.

मागच्या आठवड्यात शेवटी मी ग्रुपवर लिहिलं. फार काही नाही, की त्या रात्रीची क्लिप अर्धवट होती, आपण त्याला जे बोललो ते चुकलं, मी तेव्हा गप्प बसलो हेही चुकलं, आणि त्याला परत घ्या. ॲडमिनचं उत्तर, “नियम लक्षात ठेवा.” क्लिप टाकणाऱ्यानं काहीच लिहिलं नाही. इन्फो उघडून बघितली तर रात्रीपर्यंत एकेचाळीस जणांनी वाचलं होतं.

दोघांनी मात्र वेगळा, खासगी मेसेज केला. एकानं “बरं झालं बोललास”, दुसऱ्यानं नुसता अंगठा. दोघांनाही मी एवढंच लिहिलं की हेच ग्रुपवर टाका की. त्यावर दोन निळ्या टिका आल्यात, चार दिवस झाले.

आपला,
एक वाचक

(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, पण छापू नये ही विनंती. माझी हरकत नाही, मित्राला विचारलेलं नाही.)