लेकीच्या शिची-गो-सानला माझा किमोनो जुळवून देणाऱ्या ताईंना थँक्यू

ताई, त्या दिवशी देवळाच्या गर्दीत नीट बोलताच आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहितेय.

१५ नोव्हेंबर, म्हणजे इथे जपानात तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांना नटवून देवळात नेण्याचा शिची-गो-सानचा दिवस जवळ आला, लेक सात वर्षांची, तिचा लालभडक किमोनो भाड्याने ठरला आणि मी आपल्या सवयीने स्वतःसाठी पण लालच शोधत बसले, ओबी म्हणजे कमरेचा रुंद पट्टा लाल, वरची दोरी लाल, पर्सही लाल. आपल्याकडे मॅचिंग म्हणजे तेच ना! तुम्ही फोटो बघून लगेच फोन केलात, म्हणालात अगं मान आज लेकीचा आहे, आईने फिकं नेसायचं. आणि तुमचा स्वतःचा राखाडी-जांभळा इरोमुजी घेऊन आलात, पाठीवर एक कामोन म्हणजे घराण्याचं चिन्ह असलेला, एका रंगाचा साधा कपडा पण त्या एका चिन्हाने समारंभाचा होतो हे मला तेव्हा कळलं.

त्यावर क्रीम रंगाची, सोनेरी धागा असलेली फुकुरो ओबी, म्हणजे समारंभाची लांब ओबी, चार मीटरच्या वर लांब, ती बांधताना तुमच्या कपाळावर घाम आलेला. ओबीआगे, म्हणजे ओबीच्या वरच्या कडेला खोचायची कापडी पट्टी, फिकट, जेमतेम दिसेल एवढीच. आणि ओबीजिमे, म्हणजे ओबीवर बांधायची ती दोरी, कुठली घ्यायची यावर तुम्ही दहा मिनिटं घालवलीत, एकेक दोरी लेकीच्या किमोनोवर धरून बघितलीत आणि शेवटी त्यातल्या पानांचा कैरी रंग उचललात. बोटाएवढी रुंद दोरी, पण फोटोत आम्ही दोघी मायलेकी वाटतो ते त्या दोरीमुळेच. पैठणीत हिरव्यावर लाल काठ उठून दिसतो ना, तसं, पण इथे काठ लेकीचा आणि मी नुसती त्याची आठवण. एका किमोनोला तीन ओब्या असाव्यात, म्हणजे ओबी बदलली की तोच किमोनो वेगळा दिसतो, असं इथे म्हणतात ते मला आत्ता पटलं.

घड्याळ आणि काचेच्या बांगड्या काढायला लावल्यात, मंगळसूत्र मात्र "राहू दे, आत सरकव" म्हणालात, तेव्हा मला भरून आलं. आणि मी उजवी बाजू वर घेतली होती ती तुम्ही काही न बोलता डावी वर करून दिलीत, उलटं मेलेल्या माणसाला नेसवतात हे घरी आल्यावर सांगितलंत.

किमोनो आणि ओबी परत केली पण कैरी दोरी माझ्याकडेच राहिलीय. रविवारी घेऊन येते, दिवाळीच्या चकल्या उरल्यात त्याही आणते.