दारव्हा–यवतमाळ एसटीतल्या कंडक्टर काकांना

मी १५०० मीटर धावतो, तेही वावराकडच्या गिट्टीच्या रस्त्यावर. डावा पाय दोन महिने दुखत होता. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही, म्हणून गावानं माझं दुखणं नाटक ठरवलं. (हाडाची बारीक चीर सुरुवातीला बरेचदा दिसतच नाही, हे मला नंतर कळलं.)

त्या सोमवारी गाडी खचाखच भरलेली. काका म्हणाले, "काऊन रे पोट्ट्या, लंगडून राह्यला?" आणि स्वतःची सीट दिली. पाय टेकवायला आपली पत्र्याची पेटी पुढं सरकवली, वर टॉवेल घडी करून ठेवला. स्वतः यवतमाळपर्यंत उभेच. स्टँडवर ऑटोवाल्याला बजावलं, "खड्डे चुकवून ने."

एक्स-रेवाल्या ताईंचेही आभार. त्यांनी बोटानं दाबत दुखरी जागा शोधली, पेनानं ठिपका काढला आणि तिरका फोटो घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटामागच्या हाडावर जुळत आलेली चीर दिसली. सहा आठवडे धावणं बंद. खरं सांगतो, मला हायसंच वाटलं.

आता हळूहळू पळतो. काका, त्याच गाडीनं येतो, पण तुम्ही दिसत नाही. ड्यूटी बदलली काय?